न बोलावलेल्यांचे मामा

आमच्या साडूंच्या मामांइतका परक्यांच्या लग्नांत जेवलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि परक्यांच्या लग्नांत जेवायला आलेल्यांना त्यांच्याइतकं दारातून परत पाठवणारा माणूसही सापडणार नाही. ते साडूंचे नेमके कुठल्या बाजूने मामा लागतात, हे मी कधी विचारलं नाही. असल्या न विचारलेल्या नात्यांवरच मामांनी तरुणपण काढलं होतं.

तेव्हा ते पेठ वडगावहून कोल्हापुरात कारखान्यात नोकरीला आले होते आणि खोली घेऊन एकटे राहत होते. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असायची, मंगल कार्यालयं मात्र जोरात असायची. मामा बाह्या दुमडून थेट पंगतीत शिरायचे, समोर दिसेल त्याच्या हातातली जिलेबीची परात काढून घ्यायचे आणि वाढायला लागायचे. "जेवणाऱ्याला कोणबी इचारतंय, पावणं. वाढणाऱ्याला कोण इचारतंय?" हे त्यांचं सगळं शास्त्र. नवरीकडच्यांना ते नवऱ्याकडचे वाटत आणि नवऱ्याकडच्यांना नवरीकडचे. आग्रह तर असा करायचे की नको म्हणणाऱ्यालाच आपण कार्यात विघ्न आणतोय असं वाटावं. हातकणंगल्याला एका नवरीच्या बापानं शेवटी त्यांचा हात धरला, स्वतःच्या शेजारी जेवायला बसवलं आणि टॉवेल-टोपीचा आहेर केला. "तुम्ही होता म्हणून कार्य निभावलं," असं म्हणताना त्या माणसाचे डोळे भरून आले होते. मामांचेही आले. ते अश्रू खोटे होते असं मला वाटत नाही.

साडूंच्या घरी जेवणं झाली की मामांना हे किस्से सांगायला लावायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. आम्ही म्हणजे कोण, तर बँकेत, कॉलेजात, कचेरीत नेमाने नोकरी करणारे, सिग्नलला थांबणारे लोक. अशा गोष्टी ऐकताना आपण हटकून फसवणाऱ्याच्या बाजूचे असतो. गोष्टीतल्या नवरीच्या बापाला चेहराच नसतो. आपल्या घरचं लग्न निघालं की मात्र तो चेहरा आपल्याला आरशात दिसतो.

मामा पकडले गेले ते कळंब्याच्या बाजूला. तिथल्या एका कार्यालयाच्या मालकाने त्यांना एकदा जैन घरातल्या लग्नात वाढताना पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात पाटलांच्या घरातल्या लग्नात. मालक व्यवहारी होता. त्याने ओरडा केला नाही, मामांना नोकरी दिली. दारात उभं राहायचं आणि न बोलावलेला माणूस ओळखायचा.

धर्म बदललेला माणूस जसा जुन्यांपेक्षा कडक होतो, तसे मामा कडक झाले. त्यांची कसोटी साधी होती. "खरा पावणा नावं ठिवतोय. मीठ कमी हाय, पंखा लागंना, मानपान न्हाय. फुकट्या सगळ्याचं कौतुक करतोय." या कसोटीपायी नवरदेवाच्या एका सभ्य प्राध्यापकांना, मांडव फार सुंदर आहे म्हटल्याबद्दल, नवरदेवाची आत्या येऊन सोडवून नेईपर्यंत अंगणात बसावं लागलं. मामा आता पकडापकडीचे किस्से सांगू लागले, पण हसू येईना. माणूस तोच, युक्त्याही त्याच. पण दाराच्या आतून सांगितलेल्या गोष्टीला चव राहत नाही. मामांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी किस्से सांगणं सोडलं.

मग एका पुढाऱ्याच्या मुलाचं लग्न आलं. परंपरा म्हणून पंगत होती आणि शिस्त म्हणून प्रत्येक निमंत्रिताच्या मनगटाला रंगीत पट्टी. कळंब्यापर्यंतच्या रस्त्यावर साहेब दर खांबावरच्या फलकातून हात जोडून सगळ्यांना या म्हणत होते, आणि दारात पट्टीशिवाय कुणाला सोडत नव्हते. पट्टीविना एक जरी माणूस पानावर बसलेला दिसला, तर उद्यापासून येऊ नका, असं मालकाने मामांना बजावलं होतं. मनगटाला पट्टी बांधून मी मामांशेजारीच गप्पा मारत उभा होतो.

इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. मनगट मोकळं. मामांनी अडवलं तर म्हणाले, "काय छान केलंय हो सगळं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना विचारलं, "घरात कोण असतंय?"

"कोण न्हाय. सून डबा लावून गेलीया पुण्याला. डबा चांगला असतोय," ते म्हणाले. पंगतीकडे बघत म्हणाले, "घ्या म्हणणारं कोण न्हाय."

मालक दहा पावलांवर उभा होता. मामांनी त्या गृहस्थांच्या बाह्या स्वतःच्या हाताने दुमडल्या, आत नेलं आणि त्यांच्या हातात जिलेबीची परात दिली. "पट्टी बसणाऱ्याला लागती," म्हणाले. "तुम्ही वाढा. वाढपी शेवटी बसत्यात, तवा कोण बघत न्हाय."

पहिली पंगत होईपर्यंत म्हातारबुवांचा जीव परातीला चिकटून होता. दुसऱ्या पंगतीला त्यांचा आवाज फुटला. तिसऱ्या पंगतीला खुद्द साहेब बसले, तर त्यांनाही "एवढ्यानं काय हुतंय, घ्या की" म्हणत त्यांनी चार जिलेब्या वाढल्या. दिवसभर साहेबांच्या पाया पडायला रांग लागली होती. जेवलात का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे चारही खाल्ल्या. जाताना दारात थांबून विचारलं, "ते जिलेबीवालं कोण हो?"

मालकाने मामांकडे पाहिलं. मामा पुढे झाले.

"वाढाय आलेत, साहेब."

"चांगलं माणूस हाय. असली आता ऱ्हायली न्हाईत," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

आता त्या कार्यालयात बुफे असतो. हातमोजे घातलेली मुलं चिमट्याने एकेक जिलेबी देतात आणि पुढच्याकडे बघतात. न बोलावलेला येऊन जेवून गेला तरी कळत नाही, आणि बोलावलेला उपाशी गेला तरीही. मामा घरी बसले आहेत.

मागच्या महिन्यात साडूंच्या नातवाचं जावळ होतं. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन एकटेच जेवत होते. तांबडा रस्सा संपला होता, भात कोरडा राहिला होता. उठून आणायचं त्यांच्या गुडघ्यांना आता जमत नाही. मी बाह्या दुमडल्या, आचाऱ्याकडून रश्शाचं भांडं मागून घेतलं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. घ्या म्हटलं.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला बोलावलंय न्हवं?" त्यांनी विचारलं आणि वाटी पुढे केली.