झाडून लख्ख केलेला चौक

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या काकांनी चौकातल्या झाडाखाली एकतीस वर्षं काढली. नवी वीण माणसाच्या वजनानं बसवून घ्यावी लागते. म्हणून गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत दुरुस्त खुर्च्या ते बाहेर मांडत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, "बसा हो, तेवढंच माझं काम!" फुकट बसायला कोण नको म्हणेल? निवृत्त मास्तर पेपर घेऊन येत, शाळा सुटेपर्यंत आया टेकत. माणसं थांबतात म्हटल्यावर फुलवाली आली, चहाची टपरी आली, बंद पडलेलं पुस्तकांचं दुकानही पुन्हा उघडलं.

मग एक दिवस नगरपालिकेचा कागद लागला. चौकाची तीन दिवस पाहणी होणार होती. चौक ठेवायचा की गाड्या लावायला द्यायचा, ते त्यावरून ठरणार होतं.

"पाहणी म्हणजे आधी तुमचा पसाराच डोळ्यांत भरणार," बायको म्हणाली. काकांना पटलं. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात, तसंच त्यांनी केलं. खुर्च्या घरी नेल्या, चौक झाडून लख्ख केला. फुलवालीला सांगितलं, "तीन दिवस माहेरी जाऊन ये." चहावाल्यालाही सुट्टी दिली. मास्तरांना म्हणाले, "तुम्ही घरीच वाचा. इथे रिकामटेकडे बसतात असं दिसायला नको."

"म्हणजे मी रिकामटेकडा?"

"अहो, तीनच दिवस!"

पाहणीला एक मुलगी आली आणि वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी काकांना राहवेना. "कसा काय वाटला चौक?"

"छान स्वच्छ आहे, काका."

काका हसत घरी गेले.

महिन्यानं त्यांना कचेरीत बोलावलं. साहेबांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. दर तासाला किती माणसं थांबली, त्याचे रकाने होते. बहुतेक ठिकाणी शून्य, कुठे कुठे एक. तो एक म्हणजे काकाच.

"तिथे कोणी थांबतच नाही, काका. कशासाठी ठेवायचा?"

"थांबतात हो! मीच त्यांना येऊ नका म्हटलं."

"का?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मंजुरी झालीय. आता पुन्हा मोजता येत नाही."

काका चौकात परतले तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती. मास्तर उठून जागा देऊ लागले. काका उभेच राहिले.

"एक तारखेपासून गाड्या," ते म्हणाले. "चौक पसंत नाही पडला त्यांना."

"तरी मला वाटलंच होतं," फुलवाली हळहळली. "आणखी जरा नीट झाडायला हवा होता."