आष्टीहून अंगूरपिंप्रीला, भुकेच्या शोधात

जायचं ठरलं ते वैद्यांच्या ओट्यावर. आमच्या हिला पावसाळ्यात मोठा ताप आला होता. दिवाळीच्या सुमारास ताप उतरला, पण भूक काही परत आली नाही. शिमगा तोंडावर आला तरी ही चतकोर भाकरीवर दिवस काढत होती आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. वैद्य म्हणाले, "औषधं पुष्कळ झाली. आता हिला अंगूरपिंप्रीला घेऊन जा. बीडच्या अलीकडे, घाटाखाली आहे. द्राक्षांचे मळे आहेत, तिथंच द्राक्षासव मुरवतात. हवापालट होईल आणि ताजं आसव पोटात जाईल." मी विचारलं, "आणि त्यानंही भूक लागली नाही तर?" वैद्य पानाला चुना लावत राहिले. त्यांनी उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर माझी झोपच उडाली.

मी तहसील कचेरीत कारकून. रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज उर्दूत लिहून दिला, तो मंजूरही झाला, पण अर्जात आसवाचा उल्लेख करायची चूक माझ्या हातून झाली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आष्टीत बातमी पसरली की कारकून बायकोला घेऊन दारूच्या गावाला निघालेत. पेशकार साहेबांनी मला कोपऱ्यात गाठून हळूच सांगितलं, "हमारे वास्ते बी एक शीशी लाव." मी औषध आहे म्हणून सांगितलं. "हौ, हौ, दवाच," म्हणून ते डोळे मिचकावत गेले.

तुम्ही या वाटेनं निघणार असाल तर सामान कमी घ्या. मी तसं केलं नाही. दोन कंदील, दोन चऱ्हाटं, पाण्याच्या दोन घागरी, एक फुटली तर असू दे म्हणून तिसरी, सुंठ, ओवा, हिंग, हिच्यासाठी घोंगडी, घोंगडीवर गोधडी. गाडीवान किसन माझ्याच वयाचा, बोलायला फटकळ. गाडी भरताना तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "कारकून सायेब, पुन्हा यायचं न्हाई का आष्टीला? समदा संसार घेतलाव की."

"वाटेत काही झालं तर?"

"काय व्हतंय? बैल हायती, मी हाय. तुमी लई इचार करता."

खरं तर मला वाटेची भीती नव्हती. मला भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती गाडीत घोंगडी पांघरून बसली होती.

पाटोद्याची वाट उघडी, झाड कमी. उन्हाच्या आत जेवढं अंतर कापाल तेवढं तुमचं. पाणी जिथं दिसेल तिथं भरून घ्या, पुढच्या विहिरीवर विसंबू नका. निजामाचं हाली नाणं जवळ ठेवा. नगरकडचे इंग्रजी कलदार रुपये आष्टीत सर्रास चालतात, पण आतल्या गावात माणसं ते उलटेपालटे करून बघत बसतात. दुपारी एका बाभळीखाली गाडी सोडली. दशम्या आणि लसणाची चटणी होती. किसन आणि मी जेवलो. मग ही जेवायला बसली आणि मी नेहमीप्रमाणे समोर बसलो.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे पुरुषानं आधी जेवावं, हात धुवावा आणि ओसरीवर जाऊन सुपारी कातरावी. बायका मागून जेवतात, तिथं पुरुष थांबत नाही. मी मात्र ताप उतरल्यापासून चुलीजवळ पाट टाकून ठाण मांडायचो आणि हिनं किती खाल्लं ते बघायचो. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. दिवसभर उर्दू दप्तरावर मान मोडून घरी आलेल्या माणसाला आपली बायको जेवते की नाही, एवढं तरी कळायला नको का?

बाभळीखाली हिनं दशमीचा एक तुकडा मोडला, चटणीला लावला, माझ्याकडे बघितलं आणि तुकडा परत ठेवला. "संध्याकाळी खाईन," म्हणाली. मी गाडीला टेकून बसलो.

पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपी, शेळ्यांचा गलका. धर्मशाळेत जागा मिळाली, स्वच्छ होती, ढेकूण मात्र भरपूर. हिच्यासाठी ताक आणलं, बत्तासे आणले, पेरू आणला. प्रत्येक वेळी मी समोर, आणि प्रत्येक वेळी "ठेवा, घेते मग."

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटाशी आलो. उतार भारी आहे. गाडीवान मागे लाकडाचा ओंडका बांधतात, तो जमिनीला घासत येतो म्हणून गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. माणसांना पायउतार व्हावं लागतं. मी किसनला म्हटलं, हिला बसू दे, हिच्यात चालायचं बळ नाही. तो म्हणाला, "गाडी उलटली तर मंग बळ इचारता का?" मी रस्त्यावर उभा राहून विचार करत होतो, तेवढ्यात ही उतरून चालायलाही लागली. मी कंदील, चऱ्हाट आणि घागर सावरत मागून धावत होतो. "अगं हळू! चक्कर येईल!" वळणाच्या अलीकडे मी, पलीकडे ही. खाली पोचलो तेव्हा ती एका दगडावर बसून बैलांची वाट बघत होती, गाल तांबूस झाले होते. मला वाटलं, ताप चढला. कपाळाला हात लावला, तर ते थंडगार होतं.

अंगूरपिंप्री हे गाव म्हणजे पन्नासेक घरं, एक ओढा आणि मळे. द्राक्षाचे वेल पांगाऱ्यावर चढवलेले असतात. फाल्गुनात पांगारा लालभडक फुललेला, खाली भोकरी जातीच्या द्राक्षांचे घोस. असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि तरीही माझं पहिलं वाक्य होतं, "आसव तयार आहे का?"

ज्यांच्याकडे उतरलो त्या गयाबाई मळ्याच्या मालकीण. साठी उलटलेली, कासोटा घट्ट, आवाज खणखणीत. वैद्यांनी त्यांचंच नाव सांगितलं होतं. त्यांनी कोठीचं दार उघडून दाखवलं. कडब्याच्या भुशात गळ्यापर्यंत पुरलेले माठ, तोंडाला कापड आणि त्यावर माती लिंपलेली. आत द्राक्षाचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं.

"अजून मुरतंय. दिस भरल्याबिगर फोडायचं न्हाई."

"जरा बघायला काय हरकत आहे? वास तरी घेतो."

"बगितलं की बिघाडलं! वारं लागलं की आंबट. निस्तं शिरक्यावानी व्हतंय. झाकायचं आन् आपल्या कामाला जायाचं."

मी गेलो कुठला कामाला! दिवसातून तीनतीनदा कोठीत जायचो. लिंपण तडकलं नाही ना, माठाला कान लावला तर आत बुडबुडे वाजतात का, माझी रुखसत आधी संपते की याचे दिवस आधी भरतात. गयाबाईंनी एकदा कान लावलेला असतानाच धरलं. "माठ हाय त्यो कारकून, लेकरू न्हाई," म्हणाल्या.

बीड तिथून जवळ आहे. खजाना बावडी जरूर बघा. सगळे म्हणतात, बांधकाम अजब आहे. किसन आम्हाला घेऊन गेला होता, पण मला काही विचारू नका. ही पायऱ्या उतरत होती आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे होतं.

आलो त्या पहिल्या रात्री पुरुषांची जेवणं झाली तशी गयाबाईंनी हिला आपल्यासोबत पान वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. मी सवयीनं पाट ओढला आणि समोर बसलो. गयाबाईंचा हात थांबला.

"ह्ये काय? बाया जेवताना तुमी हितं कावून?"

"बघतो, किती खाते."

"घास मोजाया बसलाव? अवं, दुसऱ्याच्या ताटाकडं असं बगत्यात व्हय! उठा."

मी उठलो नाही. मी सांगायला लागलो, ताप, वैद्य, चतकोर भाकरी. गयाबाईंनी ऐकून घेतलं. मग दुसऱ्या दिवसापासून मला राखणीचं काम दिलं. पोपट फार येतात, द्राक्षं टोचून टाकतात. हिच्या जेवणाच्या वेळेला मी बरोबर मळ्याच्या पार त्या टोकाच्या माचाणावर, हातात गोफण. तिथून घर दिसत नव्हतं. जागा मुद्दाम निवडली होती, हे मला उशिरा कळलं.

माझ्यासारख्या माणसाला माचाणावर बसवू नये. मी घराच्या दिशेनं मान लांब करून बसायचो आणि पोपट माझ्या डोक्यावरच्या पांगाऱ्यावर निवांत जेवायचे. खाल्लं असेल का? ठसका लागला असेल का? खाली येऊन विचारलं, "किती खाल्लं?" तर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि ताटं घासलेली असायची. गयाबाई म्हणायच्या, "आमच्यात भाकरी मोजायची चाल न्हाई."

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. गोफण टाकली आणि तडक घराकडे आलो. ही एकटीच ओट्यावर द्राक्षं निवडत होती. मी चिडूनच म्हणालो, "मला एकदा सांग तरी. मी परका आहे का?"

तिनं हातातला घोस टोपलीत ठेवला. "तुमी समोर बसला की मी ताटाकडं बघत न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघते. तुमचं तोंड असं व्हतं, जसं मला उद्या उचलायचंच हाय. मंग मला वाटतं, वैद्यानं तुमाला काई तरी सांगितलंय. माझं मरण तुमाला ठावं हाय आन् मला न्हाई. असा घास गिळतो का कुणाला?"

"वैद्यानं काहीच सांगितलं नाही गं."

"मंग कावून असं बघता?"

मी म्हणालो, "तू गेलीस तर मी काय करू, ते मला माहीत नाही म्हणून." इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा बोललो. टोपलीतला एक टपोरा मणी काढून तिनं माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. गोड होता.

रुखसत संपली तेव्हा माठाचे दिवस भरले नव्हते. ज्यासाठी एवढी वाट तुडवली ते आसव न घेता परत जायचं, या विचारानं मी निघताना कोठीच्या दाराशी पुन्हा घुटमळलो. गयाबाई दार अडवून उभ्या होत्या. "किसन पुन्हा येईल तवा धाडते. आन् घरी गेल्यावर ध्यानात ठेवा, दोन्ही माठांचं, ह्यो कोठीतला आन् त्यो गाडीतला, येकच हाय. बगितलं की बिघाडलं." ही गाडीत बसून पदराआड हसत होती. घाटाशी मी काही म्हणायच्या आधी तीच उतरली आणि वर चढायला लागली. मी गाडीमागून गेलो, घागर न घेता.

बाटली आता आलीये. पेशकार साहेबांनी चार थेंब चाखून तोंड वाकडं केलं, तेव्हा कचेरीतली चर्चा थांबली. वैद्यांनी माझीच नाडी बघितली आणि म्हणाले, काळजीनं तुमच्या पोटाची वाट लागली आहे, आसव तुम्हीच घ्या. घेतो आहे. तुम्ही जाल तर माघाच्या शेवटी जाऊ नका, फाल्गुनातही घाई नको. चैत्रात माठ फोडतात, तेव्हा जा.

आता मी जेवून उठतो आणि ओसरीवर चुलीकडे पाठ करून बसतो. सुपारी कातरतो. मान वळवावीशी वाटते, अजूनही फार वाटते. आत परातीवर भाकरी थापल्याचा आवाज येतो, मग तव्यावर टाकल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि तोच वेळ मला सगळ्यात जड जातो. काल त्या वेळात तिनं आतून मला काहीतरी विचारलं. दळणाचं असावं, किंवा दिव्याच्या तेलाचं. मला नीट कळलं नाही, कारण तिच्या तोंडात घास होता. मी पुन्हा विचारलं नाही.