सईदभाईंनी शोधलेलं माहेर

आमच्या जानेफळात कुणाला पणजोबाच्या बापाचं नाव हवं असलं की तो सईदभाईंचं घर गाठतो. सईदभाई सरकारी कचेरीत जुन्या वह्यांची बांधणी करायचे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका मोडी वहीची पानं उलटसुलट शिवली. तिथले म्हातारे कारकून रागावले, पण मग स्वतःच त्यांना मोडी शिकवायला बसले. तेव्हापासून जे वेड लागलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. गावातल्या घराघरांच्या वंशावळी ते जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात, आणि बायकांची नावंही घालतात. कुणी हसलं तर म्हणतात, "बाया सोडल्या तं झाड वाढलं कसं, सांगा बरं?"

दोन वर्षांमागं ते सुभद्राबाईंकडं बसले होते. म्हातारी पंचाहत्तरीच्या पुढची.

"मायचं नाव?"

"ठकूबाई."

"माहेर कोणतं तिचं?"

"मले नाही माहीत, भाऊ. मी बारा दिसाची होती तवा माय गेली. बाप तिचं नावच काढू देत नव्हता. सावत्र मायनं जीव लावला, म्हणून मीबी कधी विचारलं नाही."

सईदभाईंनी जानेफळचं कोतवाल बुक काढवलं. गावातले जन्ममृत्यू त्यात लिहिलेले असतात. स्वातंत्र्याच्या वर्षाच्या मागचीपुढची पानं चाळली, पण सुभद्राबाईंचा जन्म कुठंच नाही. घरी येऊन हिरमुसून बसले तेव्हा त्यांची बायको जमीला भाकरी थापता थापता म्हणाली, "आपली मुबीना कुठं झाली होती? माह्या अम्मीच्या घरी ना? पहिलं बाळंतपण सासरी असते का कधी?"

सईदभाई ताडकन उठले.

मग चार महिने ते एकेका गावची बुकं पाहत हिंडले. अर्ज करायचा, एसटीनं जायचं, जाड भिंग लावून बसायचं. एकदा बापाचं नाव जुळलं, पण मूल मुलगा निघालं. शेवटी चिखलीकडच्या पिंपळखेडच्या वहीत नोंद सापडली: किसन, राहणार जानेफळ, यास मुलगी, सासरा राघो याचे घरी. आणि बारा दिवसांनंतर, त्याच घरी, ठकूचा मृत्यू.

सुभद्राबाईंना घेऊन ते पिंपळखेडला गेले. राघोचं घर विचारताच लोकांनी दाखवलं. ओसरीवर राघोची सून, सत्यभामाबाई, नव्वदीची, शेंगा फोडत होती. सईदभाईंनी सगळं सांगितलं. म्हातारीनं सुपडं बाजूला सारलं.

"ठकीची पोर? तू हाईस?" ती सुभद्राबाईंचा चेहरा चाचपू लागली. "माह्या सासऱ्यानं म्हटलं, लेकरू आमच्यापाशी ठेवा. तुह्या बापानं ऐकलं नाही, घेऊन गेला. दोघंबी हट्टी. त्यानंतर बोलणंच बंद. पण माही सासू दर वर्षी कासारणीले विचारे, जानेफळाले जाते का वो, माही नात पाह्यली का? मरेलोक विचारत होती."

सुभद्राबाईंना रडू आवरेना. "मले वाटे, मायकडच्यायले मी नकोच होती."

"अवो, नकोशी काऊन असशीन?"

सत्यभामाबाईंचा मुलगा गोकुळ शेतातून आला. सगळं कळल्यावर तो आधी सुभद्राबाईंच्या पाया पडला, मग बायकोला हाक मारून म्हणाला, "ठकू आत्याची लेक आली. पुरण घाल."

ओटी भरली. नवं लुगडं आणायला गोकुळ चिखलीला गेला. सईदभाई संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले, तर सुभद्राबाई म्हणाल्या, "घरी सांगून द्या भाऊ, चार दिवस राहून येतो."

त्या पंधरा दिवसांनी आल्या. आता दिवाळीला गोकुळ जीप घेऊन त्यांना न्यायला येतो, आणि आला की आधी सईदभाईंच्या अंगणात चहा घेतो. कधी कधी पिंपळखेडचं कुणी म्हातारं माणूसही सोबत आणतो, आपल्या आजीचं माहेर विचारायला.