दाराबाहेर काढलेला एअर बूट

"आ बेन बूट पेहरतां ज नथी." आमच्या डॉक्टर सरांनी एक्सरे माझ्या हातात दिला आणि ते खुर्चीत मागे टेकले.

मृणाल समोरच बसली होती. जन्म बडोद्याचा, गुजराती तिला मराठीइतकंच येतं, तरी सर तिच्याबद्दल ती खोलीत नसल्यासारखे बोलत होते. "घालते सर, रोज घालते," ती म्हणाली. सरांनी फाइलवर 'नॉन-कम्प्लायंट' असा शेरा मारला. म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा पेशंट. हा शब्द एकदा लिहिला की पुढे जे काही बिघडेल त्याचा धनी पेशंट असतो. मला त्या शब्दाची चीड आहे. त्या दिवशी ती जरा जास्तच आली, कारण ही मुलगी ऐकणाऱ्यातली होती.

मी फिजिओथेरपिस्ट. कारेलीबागेतल्या एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं काम करते. मृणाल स्कूटरवरून पडून आमच्याकडे आली होती. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, त्या हाडाला फ्रॅक्चर होतं, पण तुकडे जागेवर होते. अशा वेळी ऑपरेशन लागत नाही. घोटा वळू द्यायचा नाही आणि हाडाला जुळायला वेळ द्यायचा. सरांनी प्लास्टरऐवजी एअर बूट दिला, आणि तो निर्णय बरोबरच होता.

एअर बूट म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा कडक प्लास्टिकचा सांगाडा. आत मऊ अस्तर, त्यात हवेच्या पिशव्या. आधी पट्टे आवळायचे, मग बाजूचा छोटा पंप दाबत हवा भरायची, पाय सगळीकडून नीट धरला जाईपर्यंत. बोटांना मुंग्या आल्या तर थोडी हवा सोडायची. तळ खालून गोलसर असतो, त्यामुळे घोटा न वाकवता पाऊल पुढे पडतं. प्लास्टरपेक्षा याचं सुख म्हणजे तो काढता येतो. पाय धुता येतो, सूज बघता येते. मी तिला बजावून सांगितलं होतं, "उभं राहायचं म्हणजे बूट हवाच. बेडवरून बाथरूमपर्यंत जायचं असलं तरी."

"जूनमध्ये चालता येईल ना मला?" तिने तेव्हाच विचारलं होतं. मुलगी लहान म्हणून ती बरीच वर्षं घरी ट्यूशन घेत होती. आता समा भागातल्या एका शाळेत गणिताच्या टीचरची परमनंट जागा मिळाली होती. शाळा उघडली की जॉइन व्हायचं, दिवसभर उभं राहून शिकवायचं. नीट सांभाळलंत तर आरामात, असं सरच म्हणाले होते.

आणि आता एक्सरेत हाडाच्या दोन टोकांमध्ये फट दिसत होती. खालचा तुकडा सरकला होता.

मी तिला माझ्या खोलीत नेलं आणि बूट उघडला. तळाला रस्त्याची धूळ होती, पण आतलं अस्तर दुकानातून आणल्यासारखं. बडोद्याच्या उन्हाळ्यात रोज घातलेल्या बुटाला घामाचा वास येतोच, याला नव्हता. मग पाय बघितला. टाचेला भेगा, तळवा काळपट. हा पाय अनवाणी चालत होता.

"खरं सांग," मी म्हटलं.

"बाहेर जाताना घालते ना," ती खाली बघत म्हणाली. "घरात कितीसं चालायचं असतं, ताई."

ती बुटाचे पट्टे परत लावू लागली. आम्ही होम व्हिजिट करतो, म्हणून मी म्हटलं, उद्या सकाळी मीच घरी येते.

तिचं घर जवळच, एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर. दार उघडं होतं. दाराबाहेर चपलांचा रॅक, आणि त्यात खालच्या कप्प्यात, लेकीच्या सँडल्स आणि नवऱ्याच्या शूजच्या शेजारी, एअर बूट. पट्टे नीट लावून ठेवलेला. आत मृणाल ओट्याशी उभी राहून भाखरी भाजत होती. दुखरा पाय अर्धा उचललेला, एक हात ओट्यावर. मला बघून ती वळली तेव्हा तो पाय पूर्ण टेकला. माझं डोकंच फिरलं.

"बूट बाहेर कोणी ठेवला?"

उत्तर तिच्या सासूबाईंनी दिलं. बाहेरच्या खोलीत गवार मोडत बसल्या होत्या. प्रेमळ बाई, आधी उठून मला पाणी दिलं. "अहो, रस्त्यावरनं आलेला जोडा घरात कसा चालेल? स्वयंपाकघरातच देव आहेत आमचे. ती दारात काढते नि भिंतीला धरून येते. मी रोज सांगते ने तिला, हळू चाल, घाई नको."

"काकू, तो जोडा नाही, तिचं प्लास्टर आहे. प्लास्टर दारात काढायला लावलं असतं का तुम्ही?"

"प्लास्टर निघत नाही ने," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा निघतो."

त्यांच्यावर धड रागावताही येईना. त्यांना तो बूट कशासाठी आहे हे कोणी समजावलंच नव्हतं. ज्याने समजवायचं, तो मृणालचा नवरा निखिल सोफ्यावर बसून फोन बघत होता. त्याची सुट्टी होती. छाणीच्या पुढे एका केमिकल प्लांटमध्ये तो सेफ्टी ऑफिसर आहे.

"तुमच्या प्लांटमध्ये कोणी सेफ्टी शूज न घालता आलं तर काय करता?" मी विचारलं.

"गेटवरूनच परत पाठवतो." उत्तर तयार होतं.

"मग इथे?"

"मॅडम, आईला वाईट वाटतं. रोज घरात कटकट कशाला? आणि मृणालची तर काही कम्प्लेंट नव्हती."

"दुखऱ्या पायावर उभी राहून ती तुमच्या भाखऱ्या भाजतेय. तिने कम्प्लेंट कुठे करायची? गेटवर?"

माझा आवाज चढला होता. चढू दिला. काकूंना मी सांगितलं, दारात ओल्या फडक्याने बुटाचा तळ पुसायचा, की तो घरात चालतो. दोन मिनिटांचं काम. त्या लगेच उठल्या, बूट आत आणून स्वतः पुसला आणि मृणालपुढे ठेवला. "एवढंच होतं तर आधी सांगायचंस ने गं मला."

"सांगितलं होतं," मृणाल म्हणाली. "याला. पहिल्याच दिवशी."

निखिलने फोन खाली ठेवला.

पण पुसलेल्या बुटाने सरकलेलं हाड जागेवर जात नाही. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू टाकावे लागले. शाळेने गोड शब्दांत कळवलं की मुलांचं नुकसान करता येणार नाही, आणि जागा दुसऱ्या कोणाला दिली. मृणाल ते सांगताना रडली नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली. मला तिचं ते समजूतदार बोलणंही सहन झालं नाही.

मी सरांना म्हटलं, फाइलवरचा तो शेरा खोडा.

"वर्षाबेन, घरमां शुं चाले ए आपणो सब्जेक्ट नथी."

"हाड घरातच सरकलं, सर."

शेरा अजून तसाच आहे.

ऑपरेशननंतर तिला घरी नेलं तेव्हा वॉकरने चालायला शिकवायला मी बरोबर गेले. चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर, खाली रबराचे गट्टू. हॉस्पिटलच्या आवारातून, सोसायटीच्या पार्किंगमधून, जिन्यावरून तो दारापर्यंत आला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. कोणी हूं की चूं केलं नाही. मी निखिलकडे बघितलं. तो वॉकरच्या वाटेतली खुर्ची बाजूला करत होता.

आता एअर बूट द्यायचा असला की मी सूचना पेशंटला एकट्याला देत नाही. चपला कुठे काढता, ते आधी विचारते. मग घरात ज्याला कटकट नको असते त्याला समोर बसवते, आणि बुटाचा तळ पुसून घेते, माझ्यासमोर, त्याच्याच हाताने.