फोडणीचा पुरावा

शेगडीकडे काका बघायचेच नाहीत. घरात शिरले की थेट शेगडीमागच्या भिंतीवर बोट फिरवायचे. बोट चिकट झालं की म्हणायचे, "फोडणी खोटं बोलत नाही. लिहा, एक चूल."

आमचं काम वस्तीतल्या घरांच्या पाहणीचं. पुनर्वसनाच्या इमारतीत कुणाला खोली मिळणार, हे आमच्या यादीवर ठरायचं आणि यादीत कुटुंब म्हणजे चूल. एका पत्र्याखाली दोघं वेगवेगळं शिजवत असतील तर कुटुंबं दोन, खोल्याही दोन. ते निरीक्षक आणि मी त्यांच्या हाताखाली लिहिणारी. नाव सांगत नाही, आम्ही सगळे काकाच म्हणायचो. सरकारी कचेरीत असा एक तरी काका तुम्हीही पाहिला असेल.

आता असा नियम कळल्यावर लोक गप्प बसतील होय! आम्ही येणार म्हटलं की शेजारणीची शेगडी पडद्यामागे मांडली जायची. एका बाईने तर कोऱ्या भिंतीपुढे रिकामा कुकर चढवून ठेवला होता. काका म्हणाले, "वहिनी, शिट्टीची वाट बघू का?" तिला इतकं हसू आलं, की तिनेच शेगडी उचलून परत नेऊन दिली.

त्याआधी घरगणतीसाठी आम्ही वाघोलीकडच्या सोसायट्यांत फिरलो होतो. एका फ्लॅटमध्ये चार खोल्या, नवरा-बायको आणि गॅलरीत बांधलेला कुत्रा. बाहेर येऊन काका म्हणाले, "माणशी दोन खोल्या. कुत्र्याची तेवढी अडचण होतेय." वस्तीत दहा बाय बारात नऊ माणसं निघाली, तेव्हा मी सवयीने आकडेमोड करायला लागले. त्यांनी माझं पेन धरलं. "इथे भागाकार नका करू. उगाच त्रास होतो."

मग त्यांच्या थोरल्या बहिणीची वस्ती आली. मी म्हटलं, "काका, दुसऱ्या कुणाला पाठवू या का?" ते म्हणाले, "का? मी काय तिला बंगला देणार आहे?"

अक्का सत्तरी ओलांडलेली, मंडईत भाजी विकून हात राठ झालेले. घरात मुलगा, सून, तीन नातवंडं. कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा आणि त्यामागे एक छोटी शेगडी. भाचा म्हणाला, "मामा, आईची चूल वेगळी आहे. दोन वर्षं झाली." सुनेने मान खाली घातली. काकांनी भिंतीवर बोट फिरवलं. भिंत स्वच्छ, डाग म्हणून नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. सख्खी बहीण आपल्याला फसवतेय, असंच त्यांना वाटलं असणार. अक्का एवढंच म्हणाली, "तुला दिसतं ते लिही रे."

मी 'एक चूल' असं लिहिलं. त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घरचं माणूस होतं, काका."

"म्हणूनच," ते म्हणाले.

सहा माणसांना एक खोली मिळाली, नवव्या मजल्यावर. तोवर काका निवृत्त झाले होते. एक दिवस अक्काकडे जेवून तसेच आमच्या कचेरीत आले. माझ्या टेबलापाशी उभ्यानेच सांगू लागले. अक्काने त्यांना त्याच छोट्या शेगडीवरचा मऊ भात आणि मीठ वाढलं होतं. त्यांनी विचारलं, वरण नाही का? ती म्हणाली, "एकटीसाठी कुठे फोडणी घालायची? हे असंच चाललंय, वेगळं निघाल्यापासून."

पोरगा आपल्याला जेवायला घालत नाही, हे तिला माझ्यासारख्या परक्या बाईसमोर सांगायचं नव्हतं. आणि आम्ही दोघं शहाणे भिंती चाचपत होतो! मला स्वतःचीच लाज वाटली.

नोंद दुरुस्त करून अक्काला वेगळी खोली द्या, म्हणून काका आता अर्जदार झाले. दर सोमवारी कात्रजहून यायचे, साहेबांच्या दाराशी बाकावर बसायचे. साहेब म्हणाले, "अहो, निरीक्षकाचा शेरा अंतिम असतो."

"निरीक्षक मीच होतो."

"मग आपली तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

लेखी उत्तर आलं, की संबंधित निरीक्षक अनुभवी असल्याने नोंदीत चूक संभवत नाही. ते पाकीट मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पुढच्या सोमवारी नवा अर्ज आणला.

मी विचारलं, "अक्कांना तुमच्याकडे का नाही आणत?"

"शंभरदा म्हटलं. ती म्हणते, भावाच्या घरी पाहुणी म्हणून नाही मरायचं मला, माझं घर दे. लिफ्टसमोरच्या जागेत झोपते हो. कुणी लिफ्टमधून उतरलं की पाय जवळ घेते."

मग एकदा ते गुरुवारी आले. दाढी वाढलेली. मी खुर्ची पुढे केली, पण बसले नाहीत. कागद ठेवला. माझी बहीण हयात नाही, सबब खोलीची मागणी निकाली काढावी, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: "नोंद मात्र दुरुस्त करावी. ती वेगळी जेवत होती."

मी आवकचा शिक्का मारला, पोच फाडून दिली. ती खिशात घालून ते जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत. वर्षाच्या आत तेही गेल्याचं कळलं. यादीत अजूनही एकच चूल आहे, माझ्या अक्षरात.