क्लच नसलेली गाडी आणि बैहरचा घाट

मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब नोकरी संपवून आपल्या देशी परतला आणि त्याची जुनी अमेरिकन मोटार आमच्या दारात आली. तिला क्लच नव्हता. गिअर ती आपण होऊन बदलत असे, आणि ही गोष्ट त्या काळी बालाघाटात कोणाला पटत नसे. बघायला येणारा प्रत्येक जण आधी वाकून पायांजवळची जागा तपासे, मग विचारी, "मंग गिअर कोण टाकते?"

"तेच टाकते," बाबूजी अभिमानाने सांगत.

अडचण अशी होती की, ती फार लवकर टाकत असे. घरापासून बसस्टँड गाठण्याआधीच ती शेवटच्या गिअरमध्ये जाऊन बसे आणि मग कण्हत चाले. सपाट रस्त्यावर हे खपून जाई. पण माझी आत्या बिरसाला राहत असे आणि बिरसाच्या वाटेवर बैहरचा घाट आहे. निम्म्या घाटात गाडी थकत असे. मग बाबूजी सोडून सगळ्यांनी उतरायचे, डबे हातात घेऊन मागून चालायचे, आणि रिकामी झालेली गाडी वर जाऊन आमची वाट बघत उभी राहायची.

"याच्यापेक्षा स्टँडवरची सर्व्हिस मोटार बरी," आई धापा टाकत म्हणे. "तिच्यात बसलं का बसून तं राह्यता येते."

त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले होते आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी मला नागपूरला जायचे होते. बाबूजींची धानाची गिरणी होती. गिरणीत ते नाही म्हणायला कधी कचरत नसत. माझ्या बाबतीत मात्र ते नाही म्हणत नव्हते आणि हो देखील म्हणत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी ओसरीवर त्यांनी विचारलेच.

"फिजिक्स शिकून काय करशीन वं?"

"यंत्र कसं चालते ते समजते, बाबूजी."

"मंग हे गाडी समजून दाखव. कोणाले न उतरवता घाट चढली का तू चालली नागपूरले."

"हौ?"

"हौ."

"मी आयकलं बरं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी पद्धतशीर कामाला लागले. बाबूजींचा जुना पायजमा चढवून गाडीखाली शिरले, तेव्हा आईने लोक पाहू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना सतरंज्या टांगल्या. परिणामी सारा मोहल्ला पाहायला आला. ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने लांबूनच सल्ला दिला, "बहनजी, डब्बा मत खोलना. खुल तो जाएगा, बंद नहीं होगा." गिअरबॉक्सचा डबा उघडण्याचा माझा विचारच नव्हता.

मला समजले ते असे. गिअरबॉक्सला दोन बातम्या मिळत असतात. गाडी किती वेगात आहे, ही एक. चालकाने पेडल किती दाबले आहे, ही दुसरी. पहिली बातमी आतली फिरती वजने देतात. दुसरी एक सळई इंजिनापासून खाली आणून पोचवते. आत तेलाच्या दाबाने दोघींची रस्सीखेच चालते आणि वेगाची बाजू जिंकली की वरचा गिअर पडतो. आमच्या गाडीत सळईचे सांधे झिजले होते. चालक जीव तोडून पेडल दाबत असला तरी गिअरबॉक्सला वाटत होते की हे गृहस्थ सहज हवा खायला निघाले आहेत. सळईच्या टोकाला आटे होते. ती थोडी लांबवली की बातमी पुन्हा जोरात पोचणार होती.

उत्साहाच्या भरात मी ती फारच लांबवली. बाबूजींनी गाडी किरनापूरच्या रस्त्यावर घातली, तर ती पहिला गिअर सोडीना. इंजिन असे किंचाळू लागले की बैल बंडीसकट शेतात उतरले. "आता तं हे वरच जाईना!" बाबूजी त्या आवाजावर ओरडले. मी अर्धे आटे मागे घेतले आणि गाडी शहाण्यासारखी वागू लागली. प्रत्येक गिअरमध्ये ती पुरेसा दम घेई, मगच पुढचा टाकी. बाबूजी वळून वळून माझ्याकडे बघू लागले. मी ते कौतुक समजले.

परीक्षेच्या दिवशी बाबूजी चालवायला, मी शेजारी, आई डब्यांसह मागे. घाटाचा पहिला टप्पा गाडीने झोकात घेतला. आम्ही नेहमी उतरायचो ते वळण मागे पडले, आणि आईने विजयाने बाहेर पाहिले. मग शेवटचा चढ आला. तिथे गाडी पुन्हा कण्हू लागली.

"बाबूजी, पेडल तळापर्यंत दाबा. पूर्ण दाबलं का ती खालचा गिअर घेते."

"पूर्णच दाबून राह्यलो!"

गाडी थांबली. मी हिशोब पुन्हा मनात मांडला, चूक सापडेना. मग मी खाली वाकले, पेडलमागची चटई उचलली आणि हात घातला. तिथे एक लाकडी गुटका ठोकलेला होता. गिरणीत मजुरांनी इंजिन जोरात पळवू नये म्हणून बाबूजी त्याच्या दांडीखाली असाच गुटका ठोकत. पेट्रोल वाचवण्यासाठी त्यांनी तीच युक्ती इथेही केली होती. पेडल तळापर्यंत जाणे शक्यच नव्हते.

मी तो उपटून वर काढला. मागच्या सीटवरून आईचा हात आला.

"हा तं माह्या पाटाचा पाय आहे! दिवाळीपासून पाट डुगडुगून राह्यला, अन् मी घरभर शोधून राह्यली. अजी, म्हणूनच तुमी त्या पाटावर कधी बसत नाई!"

बाबूजी दरीकडे बघू लागले.

"पोरीसंग शर्त लावली तवा हे याद होतं का नव्हतं?"

"होतं थोडंथोडं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं चढली असती ना गाडी," ते हळूच म्हणाले. "अन् मंग हे नागपूरले गेली असती."

बाबूजींनी गाडी सुरू केली आणि पेडल तळाला लावले. गाडीने एक हिसका दिला, खालचा गिअर घेतला आणि डब्यांसकट आम्हाला वर नेऊन ठेवले.

प्रयोग म्हणून हा सगळा घोळच होता. सळई आणि गुटका या दोन गोष्टी बदलल्या होत्या. यश नेमके कोणाचे, ते ठरवता येत नव्हते. सळई पूर्ववत करून आपण पुन्हा घाटाखालून यावे, असे मी सुचवले.

"गप बस," आई म्हणाली. "चढली ना? मंग चाल नागपूरले."

मी नागपूरला गेले, ती शंका बरोबर घेऊन. दिवाळीत घरी आले. पहिल्याच जेवणाला आईने पाट मांडले. त्यातला एकही डुगडुगत नव्हता. बाबूजी त्या दुरुस्त पाटावर बसले. भात कालवताना, ताटातून नजर न काढता ते म्हणाले,

"मिस्त्रीकडून तुही सळई मागं फिरवून पाह्यली. गुटका नव्हता, पेडल पूर्ण दाबलं. नाई चढली. तुह्या आत्याले उतरा लागलं, ते अजून बोलत नाई."

"मंग?"

"मंग काय? परत तू लावली होती तशीच लावली." त्यांनी वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "सळईचंच काम होतं ते."