गिझरमधला दगड

कुडव्याच्या गीताबाईंचे दोन गिझर जळाले, तेव्हापासून त्यांनी सून गुंजनला बटणाला हात लावू दिला नव्हता. "तुया हातात काही टिकत नाही," म्हणत दोन वर्षं गिझर त्याच लावत, त्याच बंद करत. तरी तिसराही जळाला.

मिस्त्री उमेंद्रने आतली पाणी तापवणारी कांडी ओढून काढली. बोटाएवढी कांडी पांढऱ्या दगडाच्या थरांनी मनगटाएवढी झाली होती.

"बोरचं पाणी जड हाये, काकू. तापलं का कांडीवर क्षार जमते, अन् मग ते जळते. माणसाचा यात काही दोष नाही."

गीताबाई गुंजनकडे वळल्या.

"तू बोलली काऊन नाही वं?" त्यांनी विचारलं.

गुंजन कांडीकडेच बघत होती.

"मलेबी वाटे, आई, माया हातातच खोट हाये."